इस्त्रीचा शिक्का

दुसऱ्याची खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असे जगात मोजकेच धंदे आहेत. एल्डन प्रोकॉपने त्यातल्या एका धंद्यात तीस वर्षं काढली. ओहायोतल्या हॅकर्स फोर्ड या गावात तो विमा कंपनीचा तपासनीस होता. कुणाची गाडी ठोकली गेली की एल्डन जायचा, एका गुडघ्यावर बसायचा, पोच्यावरून अंगठा फिरवायचा आणि उठून शांतपणे म्हणायचा, "हा पोचा जुना आहे." समोर रडणारी विधवा असो, शिव्या देणारा ट्रकवाला असो, नाही तर स्वतः पाद्री असो, त्याचा सूर बदलला नाही. पाद्र्याचा पोचा खरंच जुना होता.

असा माणूस निवृत्त झाला म्हणजे घरावर संकटच. पहिल्या वर्षी त्याने बागकाम केलं. टोमॅटोच्या प्रत्येक रोपातला दोष त्याने शोधून काढला, पण रोपं वाद घालत नाहीत, त्यामुळे मजा येईना. दुसऱ्या वर्षी त्याला जुन्या लष्करी रायफलींचे ऑनलाइन लिलाव सापडले आणि लोरेटाने, म्हणजे त्याच्या बायकोने, देवाचे आभार मानले. तिला वाटलं, तळघरात बसेल, गप्प असेल. बिचारी.

आता हा छंद काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचा मूर्खपणा नीट समजेल. महायुद्धात अमेरिकेने गॅरंड नावाच्या रायफली लाखांनी बनवल्या. एकेका रायफलीत साठ-सत्तर तुकडे, आणि त्यातल्या बऱ्याच तुकड्यांवर बारीक नंबर ठोकलेले. नंबर वाचता आला की तुकडा कुठल्या साली बनला ते कळतं. सगळे तुकडे एकाच सालचे असले, लाकडी दस्त्यावर लष्कराच्या तपासनिसाचा चौकोनी शिक्का असला, तर ती रायफल 'ओरिजिनल', आणि तिची किंमत एका बऱ्या सेकंडहँड गाडीएवढी. तुकडे मिसळलेले असले की ती 'भेळ', आणि तिची किंमत त्या गाडीच्या चार टायरांएवढी.

गंमत अशी की युद्ध संपल्यावर सरकारी कारखान्यांत या रायफली दुरुस्तीला आल्या, तिथे त्या पार खोलल्या, तुकडे पिंपांत टाकले आणि हाताला येईल तो तुकडा बसवून पुन्हा जोडल्या. म्हणजे जी रायफल खरोखर चिखलातून गेली, ती बहुधा भेळच असते. आणि जिचा तुकडा न् तुकडा बरोबर आहे, ती बहुधा मागच्या हिवाळ्यात कुणाच्या तरी तळघरात जुळवलेली असते. या छंदातल्या प्रत्येक माणसाला हे माहीत आहे, आणि प्रत्येक जण पैसे मोजतो ते दुसरीसाठीच. याला ते इतिहासाचं प्रेम म्हणतात.

एल्डन या लिलावांमध्ये कर्दनकाळ होऊन बसला. संग्राहकांची एक चर्चेची साइट होती, तिथे त्याने नाव घेतलं होतं 'क्लेम नामंजूर'. लिलावातले फोटो तो मोठे करकरून बघायचा आणि निकाल लिहायचा. नेम धरायचं मागचं निशाण त्रेचाळीसचं म्हणता, त्याची पट्टी पन्नास सालानंतरची आहे. दस्ता सॅंडपेपरने घासलाय, कडा बघा, साबणाच्या वडीसारख्या झाल्यात. किंमत पंचवीसशे सांगता, आठशेच्या वर एक पैसा देऊ नका. विकणारे त्याला शाप द्यायचे आणि घेणारे त्याची पूजा करायचे. टल्सा गावचा एक दाताचा डॉक्टर तर एल्डनने हो म्हटल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा घ्यायचा नाही. एल्डनने स्वतः कधीच बोली लावली नव्हती. न्यायाधीश लिलावात भाग घेत नसतो, असं तो म्हणायचा. खरं कारण हे, की त्याला सगळंच महाग वाटायचं.

त्याच्याकडे स्वतःची एक गॅरंड होती. स्वतःची म्हणजे सासऱ्याची. लोरेटाचे वडील ऑगस्ट वायडनर कोरियाच्या लढाईत होते. पुढे सरकारने जुन्या रायफली टपालाने नागरिकांना विकल्या, तेव्हा त्यांनी एक मागवली. लाकडी खोक्यातून आली. दर रविवारी ते ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलायचे, पुसायचे, जोडायचे, आणि बोलायचे काहीच नाहीत. एका रविवारी नऊ वर्षांची लोरेटा त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शाळेचा झगा इस्त्री करत होती. फोन वाजला, तिने इस्त्री हातातून खाली ठेवली, ती नेमकी दस्त्यावर. टोकदार नाक, दोन सरळ बाजू, सपाट टाच, असा अख्खा इस्त्रीचा ठसा लाकडात काळा उमटला. पोरगी रडायला लागली. ऑगस्टने तो ठसा उजेडात धरून पाहिला आणि ते म्हणाले, "लष्कराच्या तपासनिसाचा शिक्का एवढासा असतो. घरच्या तपासनिसाचा मोठाच पाहिजे." तो त्यांनी कधी घासून काढला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

ऑगस्ट वारले, रायफल लोरेटाकडे आली, आणि एल्डनने ती तळघरातल्या लोखंडी कपाटात ठेवली. आणि मग या गाढवाने ती खोलून बघितली. भेळ. अस्सल भेळ. नळी एका सालची, चाप दुसऱ्या सालचा, निशाण तिसऱ्याच सालचं. जगाला नावं ठेवणाऱ्याच्या कपाटात भेळ, हे त्याला सहन होईना. त्याने चार वर्षं लावून तिची 'सुधारणा' केली. एकेक चुकीचा तुकडा काढायचा, ऑनलाइन विकायचा, बरोबर नंबरचा तुकडा ठरल्या भावात घ्यायचा. शेवटी उरला दस्ता. साडेसहाशे डॉलर मोजून त्याने चौकोनी शिक्क्याचा झकास दस्ता आणला, आणि जुना 'डागाळलेला दस्ता' म्हणून एकशे चाळीसला विकून टाकला. लोरेटाला यातलं काही सांगितलं नाही. लपवलं, असंही नाही. तिने विचारलं नाही. विमा कंपनीत याला वेगळा शब्द आहे, पण जाऊ दे.

त्यानंतरची सहा वर्षं हे सगळं सुखाने चाललं, आणि यंदाच्या एप्रिलमध्ये शेजारचा गस टेलफर कुंपणावरून वाकला.

गस हा निवृत्त प्लंबर. माजी सैनिकांच्या हॉलचा सेक्रेटरी. गावात असा एक विषय नाही, ज्यावर गसचा सल्ला नाही. त्या हॉलची एक जुनी रीत आहे. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, चौकातल्या हिरवळीवर एक रायफल उलटी उभी करतात. संगीन मातीत, दस्ता वर, दस्त्यावर हेल्मेट, बाजूला बुटांचा जोड. रायफल दर वर्षी गावच्याच एखाद्या दिवंगत सैनिकाची, त्याच्या घरून आणलेली. या वर्षी ऑगस्ट वायडनरची पाळी होती.

गसने हे सांगताच लोरेटा शाळा सुटलेल्या पोरीसारखी आत पळाली, तिने त्याला जेवायलाच बसवलं आणि खिम्याचा मीटलोफ त्याच्या ताटात घालता घालता तिचं सुरू झालं. दस्ता वरच्या बाजूला असतो ना रे गस, म्हणजे बाबांचा शिक्का सगळ्या गावाला दिसेल. नव्वदीच्या मिसेस ऑल्ट अजून आहेत, त्यांनी तो पाहिलाय, त्यांना पुढे खुर्ची द्यायची. एल्डन, तू जरा तेल लावून ठेव त्याला.

एल्डनच्या घशात मीटलोफ अडकला. गसने पाठीत असा रट्टा घातला की घास बाहेर आला आणि सत्यही अर्धं बाहेर आलं असतं. ते पूर्ण बाहेर आलं दुसऱ्या दिवशी, गसच्या गॅरेजमध्ये.

गसने सगळं ऐकलं, टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हणजे तू बायकोच्या बापाची रायफल विकलीस."

"विकली नाही. सुधारली."

"पाइप बदलले, नळ बदलले, टाकी बदलली. आणि म्हणतोस, जुनाच संडास आहे."

पण गस सल्ल्याशिवाय कुणाला जाऊ देत नाही. तो म्हणाला, सोपं आहे, नव्या दस्त्यावर इस्त्री ठेव. एल्डन संतापला. साडेसहाशेचा शिक्कावाला दस्ता जाळायचा, हा रानटीपणा होता. पण घरी जाऊन विचार केला, तर रानटीपणा हळूहळू व्यवहार्य दिसायला लागला. लोरेटा बाजारात गेल्यावर त्याने तिची इस्त्री काढली, शेवटच्या आकड्यावर फिरवली आणि आधी अक्रोडाच्या एका फळकुटावर ठेवून बघितली. धूर झाला, छताला लावलेला धुराचा भोंगा केकाटायला लागला, आणि फळकुटावर जो ठसा उमटला त्यात बारीक बारीक सतरा भोकं होती. हल्लीच्या इस्त्रीला वाफेची भोकं असतात. ऑगस्टच्या घरची इस्त्री होती साधी, गुळगुळीत तळाची. म्हणजे सालच चुकलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे चुकीच्या सालचे तुकडे पकडणारा माणूस स्वतः चुकीच्या सालची इस्त्री घेऊन उभा होता.

तेवढ्यात लोरेटा आली. धूर, इस्त्री, नवरा. तो म्हणाला, स्मृतिदिनासाठी शर्ट इस्त्री करत होतो. एकेचाळीस वर्षांत त्याने रुमालसुद्धा इस्त्री केला नव्हता. लोरेटाचे डोळे भरून आले. बाबांसाठी करतोयस ना, म्हणाली. त्या दिवशी एल्डन जेवला नाही.

मग त्याने शोध सुरू केला. दस्ता ज्याला विकला तो माणूस तो पुढे विकून मोकळा झाला होता. त्याच्या पुढचा मेला होता. मेलेल्याच्या मुलाने सगळा माल केंटकीतल्या कुणा कर्टिस लव्हजॉयला दिला होता. हे नाव एल्डनला माहीत होतं. या माणसाचे लिलाव त्याने तीनदा नामंजूर केले होते. तो लव्हजॉयच्या पानावर गेला, आणि पहिल्याच फोटोत त्याला आपल्या बायकोची इस्त्री दिसली.

मजकूर असा होता: 'चव्वेचाळीस सालची गॅरंड. युद्धातून परतल्यापासून कुणीही हात न लावलेली. सर्व भाग मूळचे. दस्त्यावर नॉर्मंडीच्या लढाईत किनाऱ्यावर फुटलेल्या तोफगोळ्याच्या आगीची झळ, हा इतिहास पैशाने मिळत नाही. बोली अठराशेपासून.'

पैशाने मिळत नाही, आणि बोली अठराशेपासून. एल्डनने फोटो मोठे केले. निशाण नंतरचं. चाप नव्याने काळा केलेला. शेजारी लव्हजॉयने विकायला ठेवलेल्या आणखी दोन रायफली होत्या, दोन्हींच्या दस्त्यावर चौकोनी शिक्के, आणि दोन्ही शिक्क्यांतल्या एका अक्षराचा डावा पाय मोडका.  एल्डन कपाटापाशी गेला, आपला साडेसहाशेचा दस्ता भिंगाखाली धरला. डावा पाय मोडका. एकाच बनावट ठशाची तिन्ही भावंडं. त्याने दस्ता परत ठेवला, कपाटाचं दार लावलं आणि बराच वेळ दाराकडे बघत उभा राहिला. असा अपमान माणूस उभ्यानेच गिळतो.

ती रायफल आठशेच्या वरची नव्हती. पण दस्ता हवा होता. त्याने लव्हजॉयला खाजगीत लिहिलं, मला फक्त दस्ता विका, तीनशे देतो. लव्हजॉयचं नम्र उत्तर आलं, की साहेब, असं केलं तर रायफलीचा ओरिजिनलपणा भ्रष्ट होईल, आणि आपल्यासारख्या जाणकाराने हे सुचवावं याचं दुःख होतं. एल्डनने ते उत्तर दोनदा वाचलं. त्यात दोष काढायला जागा नव्हती.

मग त्याने आयुष्यातली पहिली बोली लावली. एकोणीसशे.

आता काय झालं बघा. लिलावात बोली लावणाऱ्याचं नाव दिसतं. अर्ध्या तासात चर्चेच्या साइटवर बोंब झाली की 'क्लेम नामंजूर'ने बोली लावली. ज्या माणसाने दहा वर्षांत एका रायफलीला बरं म्हटलं नाही, तो स्वतः पैसे लावतोय. म्हणजे ही खरी. म्हणजे नॉर्मंडीची झळ खरी. टल्साच्या डॉक्टरने लगेच बावीसशे केले. एल्डनने तेवीसशे केले. कुणी माँटानातून उठला, कुणी जॉर्जियातून. एका इतिहासाच्या प्राध्यापकाने झळीचा कोन मोजून लिहिलं, की गोळा ईशान्येकडून आला असणार. तीन दिवसांत आकडा चार हजार सहाशेवर गेला. आठशेच्या वस्तूला. आणि ही किंमत कुणी वाढवली? ज्याने आयुष्यभर वाढीव किमतींविरुद्ध बोंबा मारल्या, त्या सद्गृहस्थाने.

गसचा सल्ला तयार होता. म्हणाला, मग लिही की खोटी आहे. तुझाच शब्द चालतो ना तिथे? एल्डन म्हणाला, लिहितो, पण पुरावा काय देऊ? नुसतं म्हटलं तर म्हणतील, स्वस्तात पाडायला बघतोय. गस म्हणाला, पुरावा तर तुझ्या घरात बटाटे सोलतेय.

पुरावा म्हणजे एक फोटो होता. ऑगस्ट टेबलाशी बसलेले, हातात दस्ता, शेजारी नाक लाल झालेली नऊ वर्षांची पोरगी, आणि तिच्या हातात इस्त्री. तो लोरेटाच्या अल्बममध्ये होता, आणि अल्बम तिच्या कपाटात, तिच्या कपड्यांखाली. चोरता आला असता. इतकं म्हणेन की त्याने चोरला नाही.

लोरेटा अंडी सोलत होती. त्याने फोटो मागितला.

"कशाला?"

त्याने सांगितलं. तपासनिसाच्या क्रमाने सांगितलं, तारीख, तुकडा, किंमत. दुसरा क्रम त्याला येत नव्हता. ती अंड्याचं टरफल काढत राहिली, अगदी बारीक बारीक तुकड्यांनी.

"किती मिळाले दस्त्याचे?"

"एकशे चाळीस."

"त्यात माझ्या इस्त्रीचे किती धरले होतेस?"

इथे दुसरा कुणीही गप्प बसला असता. पण एल्डन प्रामाणिक होता, हाच त्याचा रोग. "इस्त्रीमुळे साठ कमी मिळाले," तो म्हणाला.

लोरेटाने अंडं वाडग्यात ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्यांशी कसं बोलायचं हे त्याला तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

"रायफल त्यांची होती, एल्डन. शिक्का माझा होता." मग हात पुसून ती म्हणाली, "ते घरात दोन शब्द बोलायचे नाहीत. ते एकच वाक्य माझ्याबद्दल बोलले, आणि ते त्या लाकडावर होतं. तू बघितलंस आणि म्हणालास, पोचा जुना आहे."

ती वर गेली, अल्बम घेऊन आली, फोटो काढून टेबलावर ठेवला आणि राहिलेली अंडी सोलायला बसली. पुढचे काही दिवस ती त्याच्याशी फक्त मीठ, कचरा आणि कुत्रा या विषयांवर बोलली.

एल्डनने लिहिलं. लिहायला त्याला अख्खी दुपार लागली, मजकूर दहा ओळींचा. ही झळ नॉर्मंडीची नाही, माझ्या बायकोच्या इस्त्रीची आहे, फोटो सोबत जोडला आहे. दस्ता मीच विकला. एका सैनिकाची रायफल मी चार वर्षं तुकड्यातुकड्याने मोडली आणि तिला सुधारणा म्हटलं. लव्हजॉयने जे केलं ते मी आधी केलं, फरक एवढाच की त्याला नफा झाला. क्लेम नामंजूर. माझा स्वतःचा.

दहा वर्षांचं साचलेलं एकदम कोसळलं. ज्यांच्या ज्यांच्या रायफली त्याने नामंजूर केल्या होत्या, ते सगळे आले. कुणी त्याला खाटीक म्हटलं, कुणी भंगारवाला. ईशान्येच्या प्राध्यापकाने लिहिलं, की इस्त्रीही ईशान्येकडून येऊ शकते. बोली मात्र धडाधड मागे घेतल्या गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत लव्हजॉयने लिलावच काढून टाकला. म्हणजे नाक कापून झालं, आणि दस्ता होता तिथेच, केंटकीत.

फोन केला तो लोरेटाने. एल्डन जिन्यात उभा राहून ऐकत होता. लव्हजॉय आधी नॉर्मंडीवर अडून बसला, त्याच्या आजोबांनी स्वतः सांगितलं होतं म्हणे. लोरेटाने त्याला गोड आवाजात विचारलं, की बाळा, तुझ्या आजोबांनी पुढून टोकदार आणि मागून सपाट तोफगोळा कुठे पाहिला? मग सूर खाली आला. सुटा दस्ता तो देईना, उरलेल्या लोखंडाला गिऱ्हाईक कोण. अख्खी रायफल चौदाशेला ठरली. पैसे लोरेटाने स्वयंपाकघराच्या फरशीसाठी साठवलेल्यातून दिले. एल्डन सवयीने म्हणाला, चौदाशे म्हणजे अजूनही सहाशे जास्तच आहेत. लोरेटाने त्याच्याकडे पाहिलं. तो कुत्र्याला घेऊन बाहेर गेला.

रायफल हल्ली काही टपालाने थेट घरी येत नाही. ती परवाना असलेल्या दुकानदाराकडे येते, तिथे जाऊन फॉर्म भरायचा, दुकानदार सरकारला फोन लावतो, सरकार हो म्हणालं की न्यायची. हॅकर्स फोर्डमधला परवाना ओपल हार्टसॉक बाईंकडे होता. त्या बंदुका, गळ आणि माशांसाठी जिवंत किडे विकायच्या, आणि किडे व स्वतःचं सँडविच एकाच फ्रिजमध्ये ठेवायच्या. रायफल तिथे पोचली शुक्रवारी. सोमवारी स्मृतिदिन.

एल्डनने फॉर्म भरला. तुम्ही फरारी आहात का, नाही. वेडे आहात का, इथे तो जरा थांबला, मग नाही. हार्टसॉक बाईंनी फोन लावला, ऐकलं, ठेवला.

"विलंब आहे, मिस्टर प्रोकॉप. कामाचे तीन दिवस."

"विलंब कशाचा?"

"ते सांगत नाहीत. तुमच्या नावाचा दुसरा कुणी असेल, काही केलं असेल त्याने."

दुसरा एल्डन प्रोकॉप असू शकतो, आणि सरकारला दोघांत फरक कळत नाही. तीस वर्षं ज्याने लोकांना 'कागदपत्रं अपुरी आहेत' असं सांगून दारातून परत पाठवलं, तो काउंटरला धरून उभा राहिला. त्याने विनवण्या केल्या. सासऱ्याचं नाव सांगितलं, चौक सांगितला, नव्वदीच्या मिसेस ऑल्टसुद्धा सांगितल्या. बाई म्हणाल्या, ऑगस्टला मी ओळखत होते, पण शनिवार, रविवार आणि सोमवारची सुट्टी धरून पुढच्या शुक्रवारच्या आत ही बंदूक या दारातून जाणार नाही. मग त्यांनी सँडविचचा घास घेतला आणि म्हणाल्या, "पण बंदूक म्हणजे नंबर ठोकलेलं लोखंड. लाकूड म्हणजे लाकूड. त्याला फॉर्म नाही."

एल्डनला क्षणभर काही समजलंच नाही. मग समजलं. गॅरंडचा दस्ता काढायला हत्यार लागत नाही. चापाखालची कडी मागे ओढायची, चाप बाहेर, लोखंड वर उचलायचं, दहा सेकंद. बाईंनी काउंटरवर किड्यांच्या डब्यांशेजारी ती स्वतः उघडली, लोखंड कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि दस्ता त्याच्यापुढे सरकवला. ज्या लाकडासाठी जाणती माणसं चार हजार सहाशेपर्यंत चढली होती, त्याची सरकारदरबारी किंमत शून्य होती. तो दस्ता काखेत मारून एल्डन भर बाजारातून पायी घरी आला, आणि वाटेत कुणी विचारलं नाही तरी तीन जणांना त्याने तो दाखवला.

घरी त्याने चौकोनी शिक्क्याचा दस्ता उतरवला आणि इस्त्रीचा चढवला. घट्ट बसेना, थोडा हलायचा. पूर्वी त्याने यावर अर्धं पान लिहिलं असतं. लोरेटा तळघराच्या पायरीवर बसून बघत होती. तिने ठशावरून अंगठा फिरवला, एल्डन पोच्यावरून फिरवायचा तसाच.

"तेल लावलंस?"

"नाही लावलं. म्हटलं, तू लावशील."

तिने लावलं.

सोमवारी ऊन चांगलं होतं. शाळेचा बँड बेसूर वाजला, नावं वाचली गेली, आणि हिरवळीवर ऑगस्ट वायडनरची रायफल उलटी उभी राहिली. वर हेल्मेट, खाली बूट, आणि लाकडावर काळा कुळकुळीत इस्त्रीचा ठसा. मिसेस ऑल्टना पुढची खुर्ची दिली होती. त्या मोठ्याने म्हणाल्या, अगं, ही तर तुझी इस्त्री, लोरेटा. बँड नेमका तेव्हाच थांबला होता, त्यामुळे सगळ्या गावाने ऐकलं. लोरेटा हसली आणि लगेच रुमाल शोधायला लागली. एल्डनने आपला दिला. इस्त्री केलेला होता.

कार्यक्रम संपला, लोक बटाट्याच्या सॅलडकडे वळले. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक परगावचा गृहस्थ रायफलीभोवती वाकून वाकून फिरत होता. एल्डनने जात ओळखली. गृहस्थ त्याच्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, तुमची का ही? लोखंड अप्रतिम आहे हो, सगळे नंबर जुळतात. पण दस्ता कुणीतरी चुकीचा बसवलाय. जळका, आणि सालही जुळत नाही. वाटोळं केलं म्हणायचं. कुणी बदलला?

लोरेटा सॅलडचा चमचा हातात धरून थांबली.

"दस्ता मूळचा आहे," एल्डन म्हणाला. "बाकीची रायफल मी बदलली."

गृहस्थाला ते कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. लोरेटाने एल्डनच्या ताटात सॅलड वाढलं, नेहमीपेक्षा एक चमचा जास्त, आणि विचारलं, "मग बाकीचं कधी परत येतंय?"

चौकोनी शिक्क्याचा दस्ता गसने नेला. हॉलच्या मागच्या दाराला अडणा म्हणून तो उत्तम चालतो, असं त्याचं मत आहे. आणि मंगळवारी सकाळी चर्चेच्या साइटवर 'क्लेम नामंजूर'ची जाहिरात झळकली: 'चुकीचे तुकडे पाहिजेत. नंबरांची यादी सोबत. मी ते विकले होते.' दुपारच्या आत टल्साच्या डॉक्टरचं उत्तर आलं. यादीतलं निशाण त्याच्याकडे होतं, एल्डननेच त्याला एकेकाळी पस्तीसला विकलेलं. खात्रीशीर चुकीचं, ऑगस्ट वायडनरच्या रायफलीवरचं, मागचा इतिहास पूर्ण ज्ञात. किंमत दोनशे दहा.

एल्डनने फोटो मोठा केला, भिंग काढलं, आणि कडेचा ओरखडा बघत बसला. ओरखडा जुना होता. त्याने वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारली आणि लोरेटाला विचारलं, फरशीच्या पैशांतले काही उरलेत का.